बिनोदबाबूंच्या भिंती

हावड्याहून रेल्वेनं साधारण दीडशे किलोमीटर गेलं की बोलपूर लागतं. तिथून रिक्षात बसायचं, की आलंच शांतिनिकेतन! रवींद्रनाथ टागोरांचं हे शांतिनिकेतन तुम्हांला ऐकून ठाऊक असेल. मी मात्र सुट्टीत तिथं गेले ती भिंती पाहायला. हसलात ना? अहो, इथल्या भिंती साध्यासुध्या नाहीत!

त्या रंगवल्या बिनोदबिहारी मुखर्जी यांनी. त्यांचा जन्म 1904 सालचा. लहानपणापासून एका डोळ्यानं दिसत नसे, दुसऱ्याला अगदी जवळचंच दिसे. फळा कसा वाचणार? शाळा धड झालीच नाही. शांतिनिकेतनात आले आणि नंदलाल बसूंकडे चित्रकला शिकू लागले. इथली माती आपल्या कोकणासारखी तांबडी. पावसानं तिच्यात घळी पडतात, त्यांना ‘खोआई’ म्हणतात. तिथं एकटेच हिंडून बिनोदबाबू ताडाची झाडं काढत.

1940 साली त्यांनी वसतिगृहाचं चक्क छत रंगवलं! मध्ये तळं आणि चहूबाजूंनी झाडं, गुरं, घरं, माणसं. कुठंही उभं राहून वर बघा, गाव तुमच्याभोवतीच.

पुढं 1946-47 मध्ये हिंदी भवनाच्या तीन भिंतींवर त्यांनी संतांचं चित्र काढलं. त्यात कबीर आहेत, तुलसीदास आहेत, सूरदासही आहेत. जपानच्या प्रवासात त्यांनी गुंडाळी उलगडत पाहायची लांबच लांब चित्रं पाहिली होती. हे चित्रही तसंच, नदीसारखं वाहत जातं. रंग लावायचा तो ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर. गिलावा वाळला की रंग भिंतीत पक्का! खोडरबराचं काम नाही. म्हणून दिवसभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा करायचा. एवढी मोठी भिंत, आणि नजर ही अशी!

पन्नाशीनंतर डोळ्यांची शस्त्रक्रिया फसली आणि होती ती दृष्टीही गेली. तरी ते थांबले नाहीत. कागदाच्या घड्या घालून आकार कापले आणि त्यांवरून 1972 मध्ये कलाभवनात फरशांचं भित्तिचित्र उभं राहिलं. त्याच वर्षी त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा माहितीपट काढला.

खरं सांगू? त्या भिंतीपुढं मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. फळ्यावरचं चुकीचं उतरवतो म्हणून मी त्याला रागावत असे. परत आल्यावर त्याला पहिल्या बाकावर बसवलं, त्याच्या आईला सांगून डोळे तपासून घेतले. चांगला जाड चष्मा लागला! त्यानं परवा चिंचेचं पान काढलं, एकेक शीर दाखवून.

तुमच्या शेजारच्या बाकावर असा कुणी आहे का, पाहाल?