पत्र्याच्या पलीकडची बाई

पिवळी पार्श्वभूमी, निळा शर्ट, डोक्याला लाल रुमाल आणि बाही वर सारून दंड दाखवणारी बाई. हे पोस्टर तुम्ही पाहिलंच असणार. कॉफीच्या मगवर, फोनच्या कव्हरवर, आठ मार्चच्या फॉरवर्डमध्ये. मलाही ते आवडतं. पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या विमान कारखान्यांत राबलेल्या बायकांबद्दल वाचायला लागले तेव्हापासून त्यातली एक गोष्ट खटकते. त्यात ती एकटी आहे.

रिव्हेट मारणं हे एकटीचं काम नव्हतंच. मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा. एका बाजूला हवेच्या दाबावर चालणारी गन घेतलेली कामगार, दुसऱ्या बाजूला रिव्हेटच्या शेपटाला पोलादी ठोकळा टेकवून उभी असलेली तिची जोडीदार. गन सुरू झाली की हादरे ठोकळा धरणारीच्या मनगटांत जायचे आणि रिव्हेटचं टोक चेपून जोड पक्का व्हायचा. ठोकळा जरा तिरका झाला तर रिव्हेट वाकडा. मग ड्रिलने काढा, पुन्हा पहिल्यापासून. गोंगाटात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून पत्र्यावर ठोकून एकमेकींना खुणा करायच्या. पंखाच्या आतल्या अडचणीच्या जागी बारीक अंगाच्या बायकांना पाठवलं जाई.

मिशिगनमधल्या फोर्डच्या विलो रन कारखान्यात बी-२४ लिबरेटर बनायचं. एका विमानात तीन लाखांच्या वर रिव्हेट. ऐन भरात तिथून साधारण तासाला एक विमान बाहेर पडे. युद्ध संपेपर्यंत एकूण ८,६८५. याच जातीची टाकून दिलेली विमानं पुढे बंगळुरूला दुरुस्त होऊन भारतीय हवाई दलात आली आणि १९६८पर्यंत वापरात होती. पुण्याहूनही ती उडत. रिव्हेटवर नाव नसतं.

फोटोवरही नसतं. ते पोस्टर जे. हॉवर्ड मिलर यांनी १९४३मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीच्या कामगारांसाठी केलं. थोडे दिवस कारखान्यांत लागलं आणि विसरलं गेलं, ते १९८०च्या दशकात पुन्हा वर आलं. त्याचा आधार मानला गेलेला फोटो १९४२चा, कॅलिफोर्नियात अलामिडा इथल्या नौदलाच्या हवाई तळावरचा. यंत्रावर वाकलेली एक तरुणी. कित्येक वर्षं त्याखाली दुसऱ्याच बाईचं नाव छापून येत होतं. ती नाओमी पार्कर आहे हे अभ्यासक जेम्स किंबल यांनी दाखवून दिलं, तोवर तिने नव्वदी ओलांडली होती. २०१८मध्ये ती गेली.

कॅमेऱ्यासमोर आलेल्या बाईची ही गत, मग ठोकळा धरणारीला कोण विचारणार?

१९४५मध्ये विमानांची गरज सरली, पुरुष परतले आणि बायकांना मोठ्या संख्येने कामावरून कमी केलं गेलं. युद्धकाळात कामकरी आयांच्या मुलांसाठी सरकारी पैशातून पाळणाघरं चालत होती. १९४६मध्ये तो पैसाही थांबला. बायकांना काम जमतं का, हा प्रश्न तोवर उरलाच नव्हता. मागून टेकू कोण देणार, एवढाच उरला होता आणि तोच काढून घेतला गेला.

माझ्या एका मैत्रिणीने गेल्या वर्षी नोकरी सोडली. बाळ सात महिन्यांचं, सासूबाईंचे गुडघे दुखतात, पाळणाघराची फी निम्म्या पगाराएवढी. ग्रुपवर सगळ्यांनी तिला धीर दिला, ‘तू करू शकतेस’ म्हणून. मीही तेच लिहिलं, सोबत दंड दाखवणारा इमोजी टाकून. तिला मात्र रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सात बाळाला धरणारं कुणीतरी हवं होतं.