खडकातले आगंतुक

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात ठेवला जाणारा ‘जिवंत खडक’ हा वस्तुतः मृत प्रवाळांचा सांगाडा असतो. जिवंत असतात ते त्याच्या छिद्रांत वस्ती करणारे जीव. भारतात २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. समुद्रातून ते काढणे हा गुन्हा ठरतो. अन्य देशांतील शौकीन मात्र खडक आणतात आणि त्याबरोबर न बोलावलेले पाहुणेही घरी येतात.

दिवसा खडक निश्चल भासतो. रात्री तांबड्या प्रकाशात पाहिले, की त्यातून राठ केसांचा एक किडा सरपटत बाहेर येतो. गांडुळाच्या या दूरच्या भाऊबंदाला पाहताच नवशिक्याचा हात चिमट्याकडे जातो. परंतु हा बहुधा उरलेसुरले अन्न खाऊन टाकी स्वच्छ राखतो. त्याचे केस बोटांत रुततात, एवढाच त्याचा अपराध! याउलट ‘ऐप्टेशिया’ हे नाजूक समुद्रफूल पाहून मन मोहरते. तेच शेजारच्या प्रवाळांना डंख करते. त्याला चिरडावे, तर उरलेल्या तुकड्यांतून नवी फुले उगवतात.

म्हणून जाणकार घाई करीत नाही. काही रात्री तो केवळ पाहत राहतो: कोण काय खातो, कोणाला इजा करतो. रूपावरून दिलेला निवाडा येथे अनेकदा निरपराधालाच भोवतो.