थोडी हवा कमी

लेक आठवीत होती तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं, "आई, मी माउंटन बाइकच्या टीममध्ये जाऊ?" मी नाही म्हटलं आणि तीन कारणं दिली. अभ्यास मागे पडेल. रविवारची मराठी शाळा बुडेल. सायकल महाग असते. तिन्ही कारणं पटण्यासारखी होती, नवऱ्यालाही पटली. पण त्यातलं एकही माझं खरं कारण नव्हतं. खरं कारण माझ्या हनुवटीवर आहे आणि ते मी इतकी वर्षं स्वतःशीही बोलले नव्हते.

मी मिरजेत वाढले. सायकल शिकले ती बाबांच्या उंच अॅटलासवर, मधल्या नळीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत. तेरा वर्षांची असताना एका उतारावर खडीवरून घसरले आणि हनुवटीला तीन टाके पडले. टाके निघायच्या आत माझी सायकल बंद झाली. "मुलीची जात, तोंडावर डाग राहिला तर पुढे काय," असं आत्या म्हणाली आणि घरात कुणी ते खोडून काढलं नाही. पुढच्याच वर्षी धाकट्या भावाने त्याच सायकलवरून पडून हात मोडून घेतला. प्लॅस्टर निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो त्याच सायकलवरून शाळेत गेला. मला त्याचं काही वाटलं नाही. जगाची रीतच ती, असं मी धरून चालले होते.

आणि इथे, घरापासून इतक्या दूर कॅलिफोर्नियात, मी तीच रीत चालवली. माझा थोरला मुलगा फुटबॉल खेळतो. एकदा त्याचं मनगट मोडलं, तेव्हा पुढच्या हंगामाचा फॉर्म मीच भरला होता. लेकीच्या वेळी मात्र मला अभ्यास आठवला. दोन मुलांसाठी मी दोन तराजू वापरले. हे लिहिताना आजही जड जातं, पण लिहायला हवं.

लेकीने वाद घातला नाही. वर्षभराने, नववीत गेल्यावर, ती एक कागद घेऊन आली. सरावाचे वार आणि वेळा. मराठी शाळेच्या बाईंशी बोलून ठरवलेले भरपाईचे तास. आणि टीमकडे नव्या मुलांना हंगामापुरत्या वापरायला देण्यासाठी दोन-तीन सायकली असतात, त्यातली एक मिळू शकेल, ही माहिती. माझी तिन्ही कारणं संपली. चौथं सांगायची लाज वाटली, म्हणून मी हो म्हटलं. मन तेव्हा बदललं नव्हतं. ती नुसती माघार होती.

माघार घेतलेलं माणूस पुरावे शोधत बसतं, तशी मी वाचत बसले. हा खेळ आमच्याच भागातला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या डोंगरवाटेवर १९७६ साली काही तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन उतारावर शर्यती लावल्या. उतार इतका तीव्र की मागच्या चाकाच्या ब्रेकमधलं ग्रीस तापून जळून जायचं आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच ‘रीपॅक’ पडलं. हे वाचून मी नवऱ्याला म्हटलं, "बघ, ज्या खेळाचं बारसंच जळलेल्या ब्रेकवरून झालं, त्यात मी पोरीला घालायचं?" लेकीच्या भिंतीवर केट कोर्टनीचं चित्र होतं. तीही मरीनचीच. शाळेच्या टीममधून शर्यती खेळत पुढे आली आणि २०१८ साली स्वित्झर्लंडमध्ये लेन्झरहाइडला जगज्जेती झाली. त्यावरही माझं उत्तर तयार होतं : लाखात एक.

शाळांच्या शर्यती कशा चालतात, हे मात्र मी वाचलं नव्हतं. ते मला सरावाच्या पहिल्या दिवशी कळायला लागलं. २००१ साली बर्कलीच्या हायस्कूलमधले गणिताचे शिक्षक मॅट फ्रिट्झिंगर यांनी उत्तर कॅलिफोर्नियातल्या शाळांची लीग सुरू केली. त्यातून २००९ साली देशभराची संस्था उभी राहिली : नॅशनल इंटरस्कोलॅस्टिक सायकलिंग असोसिएशन, सगळे तिला ‘नायका’ म्हणतात. सहावी ते बारावीची मुलं यात खेळतात. निवड चाचणी नाही, राखीव खेळाडू नाहीत. जो नाव नोंदवतो तो शर्यतीत उतरतो. मला हे ऐकून धीर आला नाही, उलट शंका आली. सगळ्यांनाच घेतात म्हणजे शिकवत काय असतील?

पहिले काही आठवडे आमच्या टीमच्या प्रशिक्षकांनी मुलांना डोंगर दाखवलाच नाही. शाळेच्या पार्किंगमध्ये खडूच्या रेघा मारल्या आणि त्या दोन रेघांमधून सायकल जितकी हळू नेता येईल तितकी हळू न्यायला लावली. दोन्ही पेडल समांतर ठेवायची, सीटवरून उठायचं, गुडघे आणि कोपरं सैल, ब्रेकवर एकेकच बोट. नजर चाकापुढच्या दगडावर ठेवायची नाही, पुढे जिथे जायचंय तिथे ठेवायची. आणि निघण्याआधी प्रत्येकाने आपली सायकल आपण तपासायची : हवा, ब्रेक, साखळी, चाकांचे खटके. ज्याचं राहिलं त्याच्यासाठी सगळे थांबणार.

सरावाच्या पहिल्या दिवशीची एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. सायकल तयार करून द्यायची म्हणून मी घरीच टायरमध्ये हवा भरून आणली होती, आमच्या मिरजेच्या सवयीप्रमाणे अंगठा टेकला तर दबू नये इतकी. प्रशिक्षक बाईंनी टायर दाबून पाहिला आणि काही न बोलता व्हॉल्व्हवर नख दाबलं. हवा सुसू करत बाहेर यायला लागली. माझा जीव खालीवर. टायर मऊ झाला, मग त्यांनी लेकीचा अंगठा त्यावर ठेवला. "एवढी," म्हणाल्या. मला समजावून सांगितलं : डांबरी रस्त्यावर घट्ट टायर बरा. डोंगरात घट्ट टायर प्रत्येक दगडावरून उडतो आणि जमीन सोडतो. मऊ टायर दगडाला बसतो, मातीला धरतो. मुलीचं वजन कमी, म्हणून हवा आणखी कमी.

सुरक्षित म्हणजे घट्ट, हे मी आयुष्यभर समजत आले होते. टायरच्या बाबतीत तरी ते चूक होतं, एवढंच त्या दिवशी मान्य केलं.

मार्चमध्ये पहिली शर्यत आली, मॉन्टेरेजवळच्या फोर्ट ऑर्डला. ही पूर्वीची लष्करी छावणी. १९९४ साली बंद झाली आणि २०१२ पासून तिथला मोठा भाग राष्ट्रीय स्मारक म्हणून राखला आहे. ओकची झाडं, खाली वाळूची माती, समुद्रावरून येणारं धुकं. आदल्या दिवशी सगळी टीम मार्गावरून सावकाश एक फेरी मारून आली. कुठे गियर आधीच हलका करायचा, कुठे वाळू खोल आहे, कुठे मागच्याला वाट द्यायला जागा आहे, हे मुलं एकमेकांना दाखवत होती. तंबू, घड्या घालायच्या खुर्च्या, केळी, टेबलावर पसरलेली अवजारं. आमच्याकडच्या एखाद्या जत्रेत पाल टाकून बसावं तसं.

प्रत्येक कुटुंबाने काही तास काम द्यायचं असतं. माझ्या वाट्याला कोर्स मार्शलचं काम आलं. नारिंगी जॅकेट, गळ्यात शिट्टी, जोडीला दुसऱ्या टीममधले एक आजोबा आणि त्यांच्या हातात वॉकीटॉकी. उभं राहायचं ते उताराच्या शेवटी, एका वाळूच्या वळणावर. नियम सोपा होता. कुणी पडलं तर एकाने पडलेल्याकडे जायचं आणि दुसऱ्याने वळणाच्या वर जाऊन मागून येणाऱ्यांना थांबवायचं. वर जायचं काम माझं ठरलं होतं.

नववीच्या मुलींची शर्यत सुरू झाली. पहिल्या फेरीत लेक नीट गेली, ओळीत मधे कुठेतरी होती. दुसऱ्या फेरीला ती वळणावर आली तेव्हा थकलेली दिसत होती, खांदे उचललेले होते. तिने वळणात पुढचा ब्रेक दाबला. चाक वाळूत रुतलं आणि ती सायकलवरून बाजूला फेकली गेली.

माझ्यापासून ती दहा पावलांवर होती. आणि मला तिच्याकडे पाठ करून वर पळायचं होतं.

मी पळाले. का पळाले ते सांगता येणार नाही, बहुधा आजोबा ओरडले म्हणून. वर पोचून दोन्ही हात पसरून मी ओरडत राहिले, "स्लो! रायडर डाउन!" पहिली मुलगी आली, तिने ब्रेक लावले, पाय टेकवला. मग दुसरी, मग तिसरी. तिन्ही वेगवेगळ्या शाळांच्या. त्यातली एक मला विचारत होती, "इज शी ओके?" आणि मला उत्तर माहीत नव्हतं. मी खाली बघत नव्हते. मला रस्ता बघायचा होता.

खालून आवाज मात्र येत होते. आजोबा शांतपणे विचारत होते : डोकं आपटलं का? हेल्मेट दाखव. माझ्या बोटाकडे बघ. आज वार कोणता? डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली तरी शर्यत तिथेच संपते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पुन्हा सायकलवर बसू देत नाहीत, हे मला ठाऊक होतं. मग लेकीचा आवाज. डोकं नाही, गुडघा. मग खटखट असा आवाज आला. ती पुढचं चाक दोन पायांत धरून हँडल सरळ करत होती. ब्रेक दाबून पाहिले, चाक फिरवून पाहिलं, साखळी हाताने गियरवर बसवली. पार्किंगमध्ये शिकवलेला तोच क्रम. त्यानंतरच ती बसली आणि निघाली. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही.

आजोबांनी हात वर केला, मी वाट मोकळी केली. तिन्ही मुली गेल्या. वळणापाशी त्यांनी वाळूची कड सोडून आतली घट्ट वाट धरली.

लेक शेवटून चौथी आली. तिने टेबलाशी बसून गुडघा स्वतःच धुतला. पाण्याबरोबर वाळूचे कण निघत होते, ती दात दाबून एकेक कण काढत होती. मी मलम घेऊन उभी. मला वाटलं आता रडेल, किंवा मी तिच्याकडे आले नाही म्हणून रागवेल. ती म्हणाली, "आई, तू वर गेलीस ते बरं झालं. माझ्या मागे ती निळ्या जर्सीवाली होती ना, ती खूप जोरात उतरते. माझ्या अंगावरच आली असती."

माझं मन बदललं ते या वाक्यापाशी. मी पडले तेव्हा घरातली सगळी माणसं माझ्याकडे धावली होती, आणि माझ्याकडे धावण्याचा शेवट सायकल बंद होण्यात झाला. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. पण पडलेल्या मुलीसाठी आणखीही काही करता येतं, तिच्यावर कुणी येऊन आदळणार नाही एवढी वाट राखून तिला उठायला वेळ देता येतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मलाही पन्नाशीला टेकल्यावर एका वाळूच्या वळणावर कळलं.

गुणांचं मला संध्याकाळी समजलं. हायस्कूलच्या सांघिक गुणांत एकट्या मुलग्यांच्या जोरावर संघ वर जाऊ शकत नाही, मुलींचे गुण बेरजेत लागतात. आमच्या टीममध्ये मुली मोजक्याच, त्यामुळे शेवटून चौथी आलेल्या माझ्या लेकीचे गुणही धरले गेले. मुली या खेळात मुलग्यांपेक्षा खूप कमी आहेत. त्यांची संख्या वाढावी आणि त्यांना शिकवायला बायका मिळाव्यात म्हणून नायकाने वेगळा उपक्रमच चालवला आहे. मुली कमी का, याची कारणं शोधताना लोक बरंच काही सांगतात. एक कारण मला आतून माहीत आहे. एखादीला घरी कुणीतरी अभ्यासाचं कारण दिलेलं असतं.

तेव्हापासून ओळखीच्या आया मला सुरुवात कशी करायची ते विचारतात. मी सांगते : नवी महागडी सायकल घेऊ नका, टीमकडे आधी विचारा. नाहीच मिळाली तर पुढे शॉक-अप आणि डिस्क ब्रेक असलेली, मुलाच्या उंचीला बसणारी वापरलेली सायकल पुरते. पैसे खर्चायचे तर डोक्याला नीट बसणाऱ्या हेल्मेटवर खर्चा. पाठीवरच्या पिशवीत जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, छोटा पंप आणि पाणी हवं. पंक्चर काढायला मुलीला स्वतःला शिकू द्या. शर्यतीच्या आदल्या दिवशीची फेरी चुकवू नका. आणि कामाचे तास मागून घ्या, खुर्चीवर बसून हा खेळ कळत नाही.

पुढच्या हंगामाला मी प्रशिक्षकाचा पहिल्या पातळीचा परवाना घेतला. डोक्याच्या दुखापतीचं प्रशिक्षण झालं, पार्श्वभूमीची तपासणी झाली. आता सरावाला मी ओळीच्या अगदी शेवटी असते. पुढे एक प्रशिक्षक, मागे एक, मधे मुलं. कुणाची साखळी पडली की मी थांबते, दुरुस्त मुलंच करतात.

भीती गेली नाही. उताराला लेकीचं रंगीत हेल्मेट झाडांआड गेलं की माझा हात अजून हनुवटीकडे जातो. फरक एवढाच की आता मी अभ्यासाचं नाव पुढे करत नाही. परवा तिने आणखी एका अवघड मार्गाचं नाव काढलं, तेव्हा मी सरळ सांगितलं, "मला भीती वाटते." तिने क्षणभर विचार केला, टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाली, "मग तू वळणाच्या वर उभी राहा."