थंड हवेचा जन्मदाखला

वडिलांच्या जुन्या फियाटमधला एसी माझ्यासाठी बसवला की धाकट्या भावासाठी, हा आमच्या घरातला जुना वाद. मी १९८० चा, तो १९८५ चा. शेवटी परवा कॉम्प्रेसर काढून पुसला. पट्टीवर अक्षरं उमटली: ‘सांक्यो, एसडी-५०८’.

मेकॅनिक म्हणाला, “पाच सिलिंडर, आठ घन इंच. यॉर्कचा असता तर दोन सिलिंडरचा, खोक्यासारखा दिसला असता. आणि साहेब, सांक्यो कंपनीचं १९८२ साली ‘सँडन’ झालं.”

म्हणजे माल त्याआधीचा! मी विजयी मुद्रेने भावाकडे पाहिलं.

“दादा, तुमच्या बँकेत जुन्या छापाचे फॉर्म संपेपर्यंत चालतात ना?” तो म्हणाला. वर्मावर बोट! पट्टीवरून माल कधीचा ते कळतं, बसवला कधी ते नाही.

आईला विचारलं. ती चहा गाळत म्हणाली, “तुमच्यासाठी कशाला? नागपूरच्या उन्हात माझं डोकं दुखायचं, म्हणून ह्यांनी...” आणि पुढे नुसता चहाच गाळत राहिली.

कॉम्प्रेसर आम्ही दोघांनी मिळून उचलून ठेवला. जन्मात पहिल्यांदाच, एकमताने.