केसाचा तिसरा हिस्सा

आमच्या घरात मापे म्हणजे पायली, वीत, वाव आणि सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याहून बारीक काही मोजावे लागते, असे आमच्या आण्णांना कधी वाटले नाही. वाटावे तरी कशाला? दौंड तालुक्यात भीमेकाठी आमचे शेत. तिथे सरी पावलांनी मोजतात आणि ऊस टनावर जातो. ‘तसूभर’ हा शब्द तर आता फक्त भांडणापुरता उरला आहे.

अशा घरात मायक्रॉन शिरला तो मल्चिंग पेपरबरोबर. नाव पेपर, पण असते प्लॅस्टिक. ओल टिकावी, तण वाढू नये म्हणून कलिंगडाच्या वाफ्यांवर अंथरतात. तीन-चार महिन्यांच्या पिकाला २५ मायक्रॉन जाडीचा घ्यावा असे सांगतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉनचा असतो. म्हणजे हा पेपर जेमतेम केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा!

गेल्या उन्हाळ्यात कलिंगडे लिंबाएवढी होती तोच आमचा पेपर चिरफाळला. तण वर आले. आई दिवसदिवस खुरपे घेऊन वाफ्यांत वाकलेली. दुकानदार म्हणाला, “उन्हानं गेला. माल पंचवीस मायक्रॉनचाच आहे, मोजून बघा.” आण्णा गप्प परत आले. मोजणार कशाने?

मी शिरूरला शिकते. थोरला भाऊ रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. आम्ही दोघे शिरूरला खोली घेऊन राहतो. दादाजवळ स्वतःचा मायक्रोमीटर आहे. चौफुल्याहून न्हावऱ्यामार्गे येताना मी पेपरचा तुकडा वहीत घालून आणला.

सायन्सवाल्यांना हे उपकरण परिचयाचे. आम्हा आर्ट्सवाल्यांनी ते कुठे पाहायचे? १८४८ साली पॅरिसच्या पामर नावाच्या यंत्रज्ञाने त्याचे पेटंट घेतले. घोड्याच्या नालासारखी चौकट आणि तिच्यात बारीक आट्यांचा स्क्रू. एक पूर्ण फेरा दिला की स्क्रू अर्धा मिलिमीटर पुढे सरकतो. फिरत्या नळीवर ५० रेघा, म्हणजे एक रेघ १० मायक्रॉनची. दादाने आधी तोंडे पुसून, मिटवून शून्य जुळते का ते पाहिले. मग म्हणाला, “शेवटचं फिरवणं या मागच्या बोंडानंच. ते कट्कट् वाजलं की थांबायचं. हातानं आवळलंस तर प्लॅस्टिक दबेल आणि माप खोटं येईल.”

पण २५ मायक्रॉन म्हणजे अडीच रेघा. अर्धी रेघ डोळ्यांनी कशी ठरवावी? दादाने पेपरचे वीस तुकडे एकावर एक ठेवले. माल खरा असता तर बरोबर एक फेरा भरला असता. भरल्या ३६ रेघा. म्हणजे एक पदर १८ मायक्रॉन! शिवाय पदरांत थोडी हवा राहतेच, तेव्हा खरी जाडी याहून कमीच असणार.

घरी जाऊन आण्णांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पण चेहरा कोराच. मग मी वही काढली. चार फुटी पन्ना, ४०० मीटर लांबी, २५ मायक्रॉन जाडी; असल्या प्लॅस्टिकचा घनमीटर साधारण ९२० किलोचा. हिशेबाने रोल अकरा किलोंच्या थोडा वरच भरायला हवा. एक रोल न उलगडलेला शिल्लक होता. कांद्याच्या काट्यावर ठेवला, तर आतल्या नळीसकट साडेआठ.

“म्हंजी अडीच किलोच्या वर मारलं म्हण की!” आण्णा ताडकन उठले. मायक्रोमीटरने जे झाले नाही ते काट्याने केले.

कोऱ्या रोलचे पैसे परत मिळाले. अंथरलेल्याचे नाहीत, कारण पावतीवर ‘मल्चिंग पेपर, २ नग’ एवढेच होते. मायक्रॉनचा आकडा कुठेच नव्हता. यंदा दादा म्हणाला, “आण्णा, मायक्रोमीटर घेऊन जा दुकानात.” आण्णांनी खुंटीवरचा ताणकाटा काढून पिशवीत टाकला आणि मला म्हणाले, “त्या आकड्याचं नाव एका कागदावर नीट लिहून दे. पावतीवर तसंच लिहून घेतो.”