दुसरा पाय

मनुष्याचे दोन पाय हे दोन सख्खे भाऊ होत. एकावर संकट आलें तर त्याचा भार निमूटपणें दुसऱ्यास वाहावा लागतो. ही गोष्ट आम्हांस वयाच्या ५५ व्या वर्षीं अमेरिकेंत उमगली. एका विद्यापीठांत वर्षभर शिकविण्यासाठीं आम्ही तेथें गेलों होतों. आमचे घरमालक व्हिएतनामच्या युद्धांतून परतलेले वृद्ध गृहस्थ. त्या युद्धांत त्यांचा डावा गुडघा दुखावला होता, व त्याबद्दल त्यांस दरमहा भरपाई मिळे. परंतु पन्नास वर्षें उजव्या पायावर भार टाकून चालल्यामुळें तोहि गुडघा आतां झिजला होता. त्याबद्दल त्यांनीं नवा दावा केला. 'हें दुखणें लष्करी सेवेचें नव्हे, वयाचें आहे' असा निकाल आला.

म्हातारबोवांनीं तें पत्र घडी घालून खणांत टाकलें. आम्ही पडलों इंग्रजीचे प्राध्यापक; लेखणी शिवशिवूं लागली. शौर्य, त्याग आणि राष्ट्राची कृतघ्नता यांवर आम्हीं तीन पानें लिहिलीं. तीं वाचून ते शांतपणें म्हणाले, "प्रोफेसर, सुंदर आहे, पण यांत माझा गुडघा कोठें आहे?"

आम्ही ओशाळलों, आणि मुकाट्यानें नियम वाचावयास बसलों. तेथील कायद्याचें म्हणणें सरळ आहे. सेवेंतील म्हणून मान्य झालेल्या व्याधीपासून दुसरी व्याधि उद्भवली, तर तीहि सेवेंतीलच समजावी. पहिलीनें दुसरी उत्पन्न केली नसून नुसती बळावली असली, तरी वाढीव भागापुरता हक्क पोंचतो, असें तेथील न्यायालयानें १९९५ सालींच ठरविलें आहे. पुराव्याचीं पारडीं समसमान असल्यास संशयाचा फायदा सैनिकाचा. फेब्रुवारी २०१९ पासून अंमलांत असलेल्या पद्धतीनें नकारानंतर तीन वाटा मोकळ्या आहेत : नव्या व संबद्ध पुराव्यासह पुरवणी दावा, वरिष्ठ अधिकाऱ्याकडून त्याच कागदांची फेरतपासणी, किंवा अपील-मंडळ. एका वर्षाच्या आंत हालचाल केल्यास पहिल्या दाव्याची तारीखहि राखतां येते.

आम्हीं खणांतलें पत्र मागून घेतलें व पुन्हां वाचलें. डाव्या गुडघ्यामुळें उजवा बिघडला काय, याचें उत्तर तपासणाऱ्या डॉक्टरानें दिलें होतें. त्याच्यामुळें बळावला काय, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता!

मग पुरवणी दावा तयार झाला. त्यांच्या डॉक्टरानें चालण्यांतील वांकडेपणा, क्ष-किरणांचीं चित्रें व झीज यांची सांखळी जुळवून दिली, आणि शेवटीं लिहिलें कीं, हा संबंध असण्याचा संभव नसण्याइतका तरी आहेच. त्यांच्या पत्नीनें दोनच ओळी लिहिल्या : 'चाळीस वर्षें जिन्यावर मी यांचें पाऊल ओळखतें. एक हलकें पडतें, एक जड.'

सबंध आयुष्य अलंकार शिकविण्यांत घालविलेल्या आम्हांस त्या दोन ओळी लिहितां आल्या नसत्या. आम्हांला दिसला होता 'सैनिक'; त्या माउलीला ऐकूं येत होता पाय.

आम्ही पुण्यास परतल्यावर कांहीं महिन्यांनीं त्यांचें पत्र आलें. दावा मान्य झाला होता. गुडघा अर्थातच बरा झाला नव्हता. पण 'दुसऱ्या पायाचा शब्द खरा मानला गेला', असें त्यांनीं लिहिलें होतें.

आमचीं तीं तीन पानें आतां आमच्या खणांत आहेत.