'बट'च्या पुढे काय लिहायचं

लोअर परळच्या ऑफिसांत नोकरीसाठी अर्ज करणारी मुलं माझ्या संध्याकाळच्या वर्गात येतात. त्यांच्या अर्जात एक वाक्य हमखास सापडतं. मला अकाउंट्सच्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव आहे, 'बट' माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं आहे. व्याकरण बघायला गेलं तर त्यात काही चूक नाही. स्पेलिंग ठीक, काळ ठीक, 'बट'च्या आधीचा स्वल्पविराम जागच्या जागी. तरीही ते वाक्य मी तसंच जाऊ देत नाही.

'बट'च्या आधी लिहिलेलं वाचणारा ऐकून घेतो आणि नंतरचं लक्षात ठेवतो. असं वाक्य लिहिणाऱ्या मुलीने स्वतःचा अनुभव आधी खर्चून टाकला आणि साहेबाच्या हातात ठेवलं ते मराठी माध्यम. नुसता क्रम फिरवला तरी अर्जाचा सूर बदलतो. 'ऑल्दो' घेतलं तर आणखी बरं, कारण 'ऑल्दो'ला जोडलेला भाग आपोआप दुय्यम होतो आणि भर मुख्य वाक्यावर राहतो. एवढं झालं की मी तिला पुढचा प्रश्न विचारतो. मराठी माध्यम आणि हिशेबाचं काम यांत विरोध आहे कुठे? विरोधाचा शब्द घातला की आपण कबूल करतो की सहसा या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. टॅली मराठी शाळेतल्या मुलीला येत नाही, असं कोणी ठरवलं? मग 'बट'ही जातं, 'ऑल्दो'ही जातं. दोन सरळ वाक्यं उरतात आणि बहुतेक वेळा माध्यमाचं वाक्य तीच काढून टाकते.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लालबाग-परळच्या या मुलांचे आजोबा गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्यातून बहुतेक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. साचे चालवायला इंग्रजी लागत नव्हतं. आता कमला मिलच्या त्याच आवारात नातवंडांना दिवसभर इंग्रजी ईमेल लिहावे लागतात, आणि जो तो त्यांना आधी त्यांच्या वाक्यरचनेवरून तोलतो.

नेहमीच्या चुका बऱ्याचशा मराठीच्या सवयीतून येतात. आपल्याकडे 'जरी'ला 'तरी' लागतं, म्हणून मुलं लिहितात, 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट द ट्रेन्स वेअर रनिंग.' इंग्रजीला दोघांपैकी एकच पुरतं. 'डिस्पाइट'ला 'ऑफ' लागत नाही, तो 'इन स्पाइट'चा. 'उलट' जरा वेळ घेतं. भाऊ उंच आहे, उलट मी बुटका, इथे 'व्हेअरॅज' चालेल. काम कमी झालं नाही, उलट वाढलं, इथे मात्र 'ऑन द कॉन्ट्ररी' हवं, कारण आधीचं म्हणणं आपण खोडून काढतो आहोत. 'हाउएव्हर' शिकवताना मराठीची मदतच होते. 'तो मात्र आला नाही' यात 'मात्र' कर्त्याच्या पाठोपाठ येतं आणि सगळा विरोध त्या 'तो'वर आणून ठेवतं. इंग्रजीतही 'ही, हाउएव्हर, डिड नॉट कम' असं त्याच जागी बसवता येतं. फक्त वाक्याच्या सुरुवातीला घेतलं तर मागे पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा. नुसत्या स्वल्पविरामाने दोन पुरी वाक्यं जोडली जात नाहीत.

आपल्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. त्या पुस्तकाविषयी मला आदर आहे. पण एक वाक्य घ्यायचं, त्याचं इंग्रजी करायचं आणि पुढच्याकडे जायचं, या पद्धतीत वाक्य पक्कं होतं आणि दोन वाक्यांमधला सांधा कच्चा राहतो. मग 'मोअरओव्हर', 'फरदरमोर', 'हाउएव्हर' हे शब्द मुलं निबंधभर पेरतात, खालचा विचार जोडलेला असो वा नसो.

वर्गात मी त्यांना बाबासाहेबांचं इंग्रजी वाचायला देतो. परळच्या बी.आय.टी. चाळीत अनेक वर्षं राहिलेले आणि पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधणारे बाबासाहेब या मुलांना परके नाहीत. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत त्यांनी बजावलं की 26 जानेवारी 1950 ला आपण विसंगतींनी भरलेल्या आयुष्यात पाऊल ठेवणार आहोत, राजकारणात समता असेल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. मूळ इंग्रजीत हे दोन भाग जोडणारा शब्द 'अँड' आहे. मी मुलांना तिथे 'बट' घालून मोठ्याने वाचायला लावतो. वाक्य लगेच तक्रारीच्या सुरात जातं, एक बाजू मिळाली पण दुसरी राहिली, असं काहीतरी. 'अँड'मुळे दोन्ही बाजू एकाच वेळी, सारख्याच खऱ्या म्हणून समोर उभ्या राहतात, आणि विसंगती म्हणजे तेच. दोन्ही भागांची घडण जवळजवळ सारखी ठेवल्यामुळे समता आणि विषमता थेट एकमेकींवर आदळतात. जिथे विरोध इतका खरा आहे, तिथे त्याची दवंडी पिटायला वेगळा शब्द लागला नाही.

त्यानंतर मी मुलांना त्यांचे स्वतःचे निबंध परत देतो. सगळे जोडशब्द पेन्सिलने खोडायचे आणि शेजारच्याला वाचून दाखवायचं. ऐकणारा जिथे अडखळेल, 'म्हणजे काय?' विचारेल, तिथेच एक शब्द परत घ्यायचा, आणि तो का घेतला ते समासात मराठीत लिहायचं. 'मोअरओव्हर' सहसा परत येत नाही. 'बट' येतं, पण थोड्या ठिकाणी, आणि बऱ्याचदा त्याच्या दोन्ही बाजूंची वाक्यं जागा बदलून येतात.